दाराशी थांबलेला जावई

(मंडळाच्या २०२५ च्या गणेशोत्सवात रेडमंड येथे केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'माजी सैनिक, मदतनीस कुत्री आणि सरकारी मदत' असा विषय छापला आहे. तो वाचून मघाशी प्रसादाच्या रांगेत एका गृहस्थांनी मला विचारलं, "काका, गणपतीत कुत्र्यांवर भाषण? त्यापेक्षा उंदरावर बोला, निदान बाप्पाचं वाहन तरी आहे!" मी हसलो. त्यांचंही काही चुकलं नाही.

पण कुत्रा आपल्या देवांना परका नाही. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा असतो. आणि कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात जायला धर्मराजाने तर साफ नकार दिला. ही शेवटची गोष्ट मी लहानपणी आजीकडून शंभरदा ऐकली असेल. आणि तरीही एकदा, आपल्याच मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात, मी एका कुत्र्याला बाहेर ठेवलं. त्या कुत्र्याबरोबर माझा जावईही बाहेर राहिला. विषय सरकारी असला तरी सुरुवात मला घरापासूनच करावी लागणार आहे.

माझं बालपण पुण्याला खडकीत गेलं. वडील अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत नोकरीला होते. खडकी म्हणजे लष्कराचं गाव. जखमी सैनिकांना हातातलं काम शिकवण्यासाठी १९१७ साली सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट तिथे आहे. मणक्याला इजा होऊन हातपाय गेलेल्या जवानांसाठी १९७४ साली पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर निघालं, तेही खडकीतच. व्हीलचेअरवरचे जवान आम्हाला येताजाता दिसायचे. वडिलांची शिकवण एकच होती, "नमस्कार करायचा. 'बिच्चारा' म्हणायचं नाही." एवढी शिदोरी घेऊन मी १९९४ साली इथे आलो, सॉफ्टवेअरमध्ये रमलो, आणि खडकी मागे पडली.

माझी मुलगी इथेच वाढली. २०१३ साली तिने लग्न केलं ते टकोमाकडच्या एका मुलाशी. लुईस-मॅकॉर्डच्या लष्करी तळावरून तो दोनदा अफगाणिस्तानात जाऊन आलेला. आमच्या हिची सुरुवातीला एकच तक्रार होती, "मुलगा चांगला आहे हो, पण जेवताना एक अक्षर बोलत नाही." मी म्हटलं, "मराठी जावई तरी कुठे बोलतात?"

हळूहळू एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. हॉटेलात तो भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करूनच बसायचा. शनिवारच्या गर्दीत कॉस्टकोत पाऊल टाकायचा नाही. रात्री ओरडत उठायचा. चार जुलैला फटाके सुरू झाले की बाथरूममधला पंखा लावून आत बसायचा. डॉक्टरांनी निदान केलं, पीटीएसडी. युद्ध संपलं तरी शरीराला ते संपल्याचं कळत नाही, असं मुलीने मला समजावलं. मी मात्र सासऱ्याच्या अधिकाराने सल्ले देत राहिलो. पहाटे उठत जा, प्राणायाम कर, मन कशात तरी गुंतव. तो दर वेळी "येस, बाबा" म्हणायचा. गोळ्या चालू होत्या, समुपदेशन चालू होतं, त्याचा उपयोगही होत होता. पण घराबाहेर पडणं काही जमत नव्हतं.

२०१५ साली त्याने एका सेवाभावी संस्थेकडे सर्व्हिस डॉगसाठी अर्ज केला. दोन वर्षं वाट पाहिल्यावर २०१७ साली हेझल आली. काळीभोर लॅब्राडोर, कपाळ रुंद, नजर शांत. पहिल्याच दिवशी मी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेलो, तर माझी तीन वर्षांची नात म्हणाली, "आबा, हात नाही लावायचा. ती ऑफिसमध्ये आहे."

पाळलेला कुत्रा आणि सर्व्हिस डॉग यांतला फरक इतक्या थोडक्यात मला नंतर कुणी सांगितला नाही. हेझलला ठरावीक कामं शिकवलेली आहेत. जावई झोपेत तळमळायला लागला की ती पंजा मारून त्याला उठवते आणि नाकाने दिव्याचं बटण दाबते. दुकानात तो रांगेत उभा असला की त्याच्या मागे आडवी उभी राहते, म्हणजे मागचा माणूस अगदी अंगाशी येत नाही. त्याचा श्वास भराभर व्हायला लागला की मांडीवर सगळं वजन टाकून बसते. चार-सहा महिन्यांत तो मुलीला घेऊन लायब्ररीत जायला लागला. २०१८ च्या मे-जूनमध्ये अधिक महिना होता. आमच्या हिने जावयाला पाटावर बसवून, चांदीच्या वाटीत तूप घालून धोंड्याचं जेवण वाढलं. हेझल पाटाशेजारी मुटकुळं करून पडली होती. तिने पुरणाकडे मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. आणि त्या दिवशी जावई जेवताना बोलला. चांगला अर्धा तास बोलला.

आता त्याच वर्षीच्या नोव्हेंबरकडे येतो. आपला दिवाळीचा कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. मी सभागृह समितीत होतो. म्हणजे खुर्च्या, दरवाजा आणि पार्किंग. नात चार वर्षांची, रंगमंचावरचा तिचा पहिलाच नाच. आदल्या दिवशी समितीत कुणीतरी विचारलं, "काका, तुमचे जावई तो कुत्रा आणणार का हो? समोर लक्ष्मीची पूजा, मागे फराळाची टेबलं, त्यात लहान मुलं..." नियम काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. खरं सांगायचं तर मी ते माहीत करून घेतलं नाही, कारण मलाही आतून तेच वाटत होतं. लोक काय म्हणतील? मी जावयाला फोन केला आणि म्हटलं, "उद्या तेवढं हेझलला घरी ठेवशील का? तीन तासांचाच तर प्रश्न आहे." तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "इट्स ओके, बाबा. डोंट वरी अबाउट इट." मला हायसं वाटलं. मी समजलो, तो हेझलशिवाय येणार.

कार्यक्रम छान झाला. नातीने ठेक्यात चार पावलं टाकली, पाचव्या पावलाला ती प्रेक्षकांत तिच्या डॅडीला शोधायला लागली आणि तशीच उभी राहिली. लोकांना ते गोड वाटलं, टाळ्या पडल्या. रात्री दहाच्या सुमारास उरलेल्या चिवड्याची खोकी गाडीत ठेवायला मी बाहेर आलो. नोव्हेंबरातला आपला नेहमीचा पाऊस. पार्किंगच्या अगदी टोकाला मुलीची गाडी उभी होती, काचा आतून धूसर झालेल्या. पुढे जावई, शेजारच्या सीटवर हेझल. मायलेकींना सोडायला म्हणून तो आला होता आणि तीन तास तिथेच बसून होता. त्याने काच खाली केली आणि विचारलं, "हाउ वॉज शी?"

दिवाळी हा जावयाच्या कौतुकाचा सण. आणि आमचा जावई पावसात, गाडीत. वडिलांची शिकवण मी तशी पाळली होती. त्याला 'बिच्चारा' मी कधीच म्हटलं नव्हतं. फक्त दाराबाहेर ठेवलं होतं.

पुढे कित्येक आठवडे माझ्या तोंडून माफीचा शब्द निघाला नाही. शेवटी एका रविवारी मेरीमूर पार्कमध्ये नदीकाठाने आम्ही तिघं चालत होतो. तिथल्या चाळीस एकरांच्या मैदानात गावातली कुत्री मोकळी धावत होती. हेझलला तिथे सोडू नका, अशी संस्थेची सूचना आहे, म्हणून आम्ही कडेच्या वाटेने. मी म्हटलं, "त्या दिवशी माझं चुकलं." तो इंग्रजीत जे म्हणाला त्याचा अर्थ असा, "दारं बंद होण्याची मला सवय आहे, बाबा. त्या दिवशी दारावर तुम्ही होतात, एवढंच." त्यानंतर हा विषय त्याने काढला नाही. पण आपल्या एकाही कार्यक्रमाला तो आला नाही. याला आता सात वर्षं होतील.

मी त्याच वर्षी नोकरीतून निवृत्त झालो होतो. वेळ होता आणि मनाला टोचणी होती. मी वाचायला बसलो. पहिला गैरसमज दूर झाला तो पैशांचा. मला वाटायचं, लढून आलेल्या माणसाला कुत्रा सरकार देत असेल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना तसंच वाटत असेल. वस्तुस्थिती बरीच वेगळी आहे.

मुळात कुत्र्याने माणसाला वाट दाखवायची ही कल्पना पद्धतशीरपणे रुजली तीच युद्धातून. पहिल्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्ग इथे १९१६ साली अशा कुत्र्यांची शाळा निघाली. अमेरिकेत 'द सीइंग आय' ही संस्था १९२९ साली स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, कॅलिफोर्नियात 'गाइड डॉग्ज फॉर द ब्लाइंड' सुरू झाली, ती अंध होऊन परतणाऱ्या सैनिकांसाठीच. तिचं दुसरं केंद्र १९९५ पासून आपल्या शेजारच्या ओरेगन राज्यात आहे. त्या गावाचं नाव चक्क 'बोअरिंग' आहे! १९४४ साली इथल्या संसदेने अंध माजी सैनिकांना मार्गदर्शक कुत्री देण्याचा अधिकार सरकारी खात्याला दिला. आज त्या खात्याला सगळे 'व्हीए' म्हणून ओळखतात.

ज्यांना ऐकू येत नाही किंवा ज्यांच्या हातापायांत बळ नाही, त्यांच्यासाठीही कुत्री देता येतील असा कायदा झाला तो २००२ च्या जानेवारीत. म्हणजे मधे अठ्ठावन्न वर्षं गेली. त्या कायद्याची सविस्तर नियमावली आली २०१२ साली. आपल्याला वाटतं सरकारी फायली फक्त मंत्रालयातच अडकतात!

त्या नियमावलीत काय आहे ते नीट ऐका. व्हीए कुत्रा विकत घेत नाही आणि स्वतः तयारही करत नाही. कुत्रा द्यायचा तो सेवाभावी संस्थेने, आणि ती संस्था 'असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल' किंवा 'इंटरनॅशनल गाइड डॉग फेडरेशन' यांची मान्यता असलेली हवी. मग व्हीए त्या कुत्र्याच्या वैद्यकीय विम्याचे पैसे भरतं, कामासाठी लागणारा पट्टा आणि इतर साधनं देतं, कुत्रा आणायला जाण्याचा प्रवासखर्च देतं. खाणं आपलं आपण बघायचं. आंघोळ आपली. गावाला जाताना कुत्रा कुठे ठेवायचा झाला तर तो खर्चही आपला. नखं कापण्याचे पैसे मिळणार नाहीत, हे तर नियमात स्पष्ट लिहून ठेवलं आहे.

आणि २०१२ च्या त्या नियमात डोळे, कान आणि हालचाल एवढ्याच अपंगत्वांचा समावेश होता. मनाच्या जखमेचा नव्हता. कारण असं दिलं गेलं की तिथे कुत्र्याचा उपयोग होतो याला पुरेसा शास्त्रीय पुरावा नाही. ऐकायला राग येतो, पण मी इंजिनिअर माणूस, पुरावा मागणं मला गैर वाटत नाही. तो शोधण्याचं काम २००९ सालच्या एका कायद्याने व्हीएवर सोपवलं होतं. २०११ साली फ्लोरिडात अभ्यास सुरू झाला, अडचणी येऊन थांबला, आणि मग नव्या आखणीने अटलांटा, आयोवा सिटी आणि आपलं शेजारचं पोर्टलंड इथे पार पडला. पीटीएसडी असलेल्या १८१ माजी सैनिकांना कुत्री मिळाली. काहींना कामं शिकवलेले सर्व्हिस डॉग, तर काहींना नुसती सोबत करणारी, चांगल्या वळणाची कुत्री. प्रत्येकाकडे दीड वर्ष लक्ष ठेवलं गेलं. रोजच्या जगण्यातल्या एकूण अडचणींच्या मोजमापात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. पण सर्व्हिस डॉग असलेल्यांमध्ये पीटीएसडीची लक्षणं अधिक कमी झाली आणि आत्महत्येचे विचार व तसं वागणंही कमी आढळलं. पुढे २०२४ साली अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेला दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १५६ जण होते. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ज्यांना कुत्रा मिळाला, त्यांची तीन महिन्यांनंतरची स्थिती कुत्र्यासाठी अजून वाट पाहणाऱ्यांपेक्षा चांगली होती. 'उपचारांच्या जोडीला' हे शब्द महत्त्वाचे आहेत. कुत्रा आला म्हणून कुणी गोळ्या आणि डॉक्टर सोडायचे नसतात.

दरम्यान, २५ ऑगस्ट २०२१ रोजी 'पॉज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष बायडन यांची सही झाली. त्याने मनाच्या जखमेसाठीही दार किलकिलं केलं. त्यातला प्रयोग मला फार आवडला. पीटीएसडी असलेले माजी सैनिक स्वतः पिल्लांना सर्व्हिस डॉग होण्याचं शिक्षण देतात, आणि शिकवता शिकवता त्यांची स्वतःची घडी बसते. योग्य वाटलं तर तोच कुत्रा पुढे त्यांना मिळू शकतो. हा पाच वर्षांचा प्रयोग २०२२ साली सुरू झाला तो पाच ठिकाणी: अँकरेज, अ‍ॅशव्हिल, पालो आल्टो, सॅन अँटोनिओ आणि वेस्ट पाम बीच. आपलं वॉशिंग्टन राज्य त्या यादीत नाही.

मग हेझल कुणी दिली? पिल्लू जन्मल्यापासून ते पूर्ण तयार होईपर्यंत एका कुत्र्यामागे वीस-तीस हजार डॉलर सहज लागतात. आमच्याकडून संस्थेने एक डॉलर घेतला नाही. ते पैसे आले लोकांच्या देणग्यांतून. आणि त्याहून मोठी गोष्ट पैशांत मोजता येत नाही. पिल्लू आठ आठवड्यांचं झालं की ते एका स्वयंसेवक कुटुंबाकडे देतात. ते कुटुंब त्याला साधारण सव्वा ते दीड वर्ष सांभाळतं, शी-शू शिकवतं, बसमध्ये नेतं, दुकानात नेतं, माणसांत वावरायला शिकवतं. त्यानंतर ते संस्थेला परत द्यायचं. पुढचे काही महिने पट्टीचे शिक्षक त्याला कामं शिकवतात. त्यातही सगळी पिल्लं पास होत नाहीत, बरीच गळतात.

हेझलला याकिमाकडच्या एका निवृत्त शिक्षक जोडप्याने वाढवलं. कुत्रा सुपूर्त करण्याचा छोटासा समारंभ असतो, त्याला आम्ही गेलो होतो. त्या बाईंनी हेझलचा पट्टा जावयाच्या हातात दिला, तिच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटल्या आणि वळून चालायला लागल्या. मुलीची पाठवणी करणारी आई ओळखायला भाषा लागत नाही. आमच्या हिने पुढे होऊन त्यांचा हात धरला. दोघी एकमेकींना काहीही न बोलता उभ्या होत्या.

म्हणजे हिशेब असा आहे. पिल्लू लोकांनी वाढवायचं, शिकवण्याचा खर्च लोकांनी द्यायचा, आणि नियमात बसलं तर औषधपाण्याचा भार सरकारने उचलायचा. सरकारने याहून जास्त करावं असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला आपण लढायला पाठवलं त्याची रात्रीची झोप देणग्यांवर अवलंबून असू नये. तुमच्यापैकी जे मतदार आहेत त्यांनी आपल्या प्रतिनिधीला तसं कळवायला हरकत नाही. पण एक गोष्ट सरकार कितीही पैसे खर्चून करू शकत नाही. तो कुत्रा घेऊन माणूस सभागृहाच्या दाराशी आला की दार आपल्यालाच उघडायचं असतं. त्या दिवशी ते काम माझ्याकडे होतं.

त्या दाराचा नियम अवघड नाही, माझ्यासारख्याला सात वर्षांपूर्वी पाच मिनिटांत वाचता आला असता. अपंगांच्या हक्कांच्या केंद्रीय कायद्याखाली, लोकांसाठी खुल्या असलेल्या जागी सर्व्हिस डॉगला येऊ द्यावं लागतं. गरज उघड दिसत नसेल तर दारावरच्या माणसाने दोनच प्रश्न विचारायचे. पहिला, अपंगत्वामुळे लागणारा हा सर्व्हिस डॉग आहे का? दुसरा, त्याला कुठलं काम शिकवलं आहे? बस. आजार कोणता ते विचारायचं नाही, कागद मागायचे नाहीत, करून दाखव म्हणायचं नाही. अंगावर जाकीट असलंच पाहिजे असंही नाही. फराळाच्या रांगेतसुद्धा तो मालकाबरोबर येऊ शकतो. "मला कुत्र्याची भीती वाटते" किंवा "मला अ‍ॅलर्जी आहे" हे नाकारण्याचं कारण होत नाही, दोघांना लांब लांब बसवायचं. कुत्रा आवरत नसेल किंवा घाण करत असेल तर मात्र त्याला बाहेर न्यायला सांगता येतं.

कुणी म्हणेल, जाकीट काय, ऑनलाइन कुणीही मागवतो. खरं आहे, असे लबाड आहेत. आपल्या राज्यात १ जानेवारी २०१९ पासून खोटा सर्व्हिस डॉग मिरवणाऱ्याला ५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पण लबाडाला पकडण्याच्या नादात खऱ्याला पावसात बसवलं, तर तो दंड कुणी भरायचा?

आता मंडळाकडे माझी तीन मागणी आहेत. अध्यक्षबाई समोरच बसल्या आहेत, त्यामुळे बरं झालं.

पहिली, हे दोन प्रश्न एका कार्डावर छापून दारावरच्या प्रत्येक व्हॉलंटिअरच्या हातात द्या. प्रत्येक कार्यक्रमात कडेच्या दोन खुर्च्या, बाहेर पडायच्या दाराजवळच्या, राखून ठेवा. ढोल-ताशा सुरू होण्याआधी माइकवरून पाच मिनिटं अगोदर सांगा. ढोल बंद करा असं मी म्हणत नाही, ढोलाशिवाय गणपती कसला? पण आधी सांगितलं तर ज्याला बाहेर जायचं आहे तो शांतपणे जाऊ शकतो. अचानक झालेला आवाज आणि सांगून झालेला आवाज यांत जावयासारख्या माणसाच्या दृष्टीने फार फरक असतो.

दुसरी, देणगी. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीत स्वतःची भर घालतात. संस्था निवडताना मघाशी सांगितलेली मान्यता तिला आहे का एवढं जरूर तपासा.

तिसरी मागणी मुलांच्या आईवडिलांकडे. "आम्हाला कुत्रा घेऊन दे" हा हट्ट रेडमंडमधल्या निम्म्या घरांत चालू असणार. एखाद्या घराने सर्व्हिस डॉगचं पिल्लू वाढवून बघावं. दर उन्हाळ्यात भारतात जाणाऱ्यांना पूर्ण वेळ जमणार नाही, पण दुसऱ्याचं पिल्लू आठ-पंधरा दिवस सांभाळणारी घरंही लागतात. दीड वर्षाने परत द्यायचं म्हणजे मुलं रडतील, हे मी लपवत नाही. पण आपण लावलेला जीव आपल्याला माहीत नसलेल्या कुणाच्या तरी कामी येतो, हे मुलांना शिकवायला याहून चांगला वर्ग मला तरी माहीत नाही.

शेवटचं सांगतो आणि बसतो. हेझल आता दहा वर्षांची झाली. तोंडाजवळ पांढरी झाली आहे, जिना चढताना थांबते. २०२५ च्या मे महिन्यात लाइट रेल डाउनटाउन रेडमंडपर्यंत आली, तेव्हा सुरुवातीची गर्दी ओसरल्यावर जावई तिला घेऊन तीन स्टेशनं फिरून आला. घरी येऊन ती संध्याकाळपर्यंत झोपली. वर्षअखेर ती निवृत्त होणार. घरातच राहील, पण जाकीट उतरेल. दुसऱ्या कुत्र्यासाठी जावयाने अर्ज केला आहे. पुन्हा तीच रांग, पुन्हा तीच वाट बघणं.

नात आता अकरा वर्षांची आहे. दिवाळीच्या कार्यक्रमात ती लेझीम खेळणार आहे. परवा तिने मला विचारलं, "आबा, या वेळी डॅडी आत येणार ना?" मी म्हटलं, मंडळात विचारून सांगतो. ते विचारायलाच आज उभा राहिलो आहे.

जावयाला मी अजून काही बोललेलो नाही. आधी तुमच्याकडून दार उघडून घ्यायचं आणि मग त्याला बोलवायचं, असं ठरवलं आहे. तो आला तर त्याच्याभोवती गर्दी करू नका, त्याच्या कामगिरीबद्दल खोदून विचारू नका. "या, बसा" एवढंच म्हणा. हेझल पायाशी बसलेली असेल. तिला हाक मारू नका, ती ऑफिसमध्ये असेल. फराळाच्या रांगेत ती तुमच्यापुढे उभी असली तरी तिला चकली देऊ नका.

चकली जावयाला द्या. त्याला फार आवडते.

गणपती बाप्पा मोरया!